चातुर्मासाचा नेम: यंदा काय सोडताय, काय धरताय?

सांजवेळ

आषाढी तोंडावर आली. आजीच्या काळी या दिवसांत आमच्या घरात एकच चर्चा असायची, कुणी काय सोडलं. कुणी वांगं, कुणी कांदा-लसूण, कुणी पानात वरून मीठ घेणं. एका काकूने तर चार महिने गादी सोडली होती. सोडण्याबरोबर काहीतरी धरायचंही असे: रोज एक अध्याय, एकभुक्त राहणं, नाहीतर जेवताना मौन.

मला यातला देवाचा भाग फारसा झेपत नाही, पण चौकट आवडते. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, ‘आजपासून जन्मभर’ अशी भीष्मप्रतिज्ञा नाही. एक जानेवारीचे संकल्प संक्रांत पाहत नाहीत, याला निदान कार्तिकीचा मुक्काम दिसत असतो.

गेल्या वर्षी मी दोन गोष्टी धरल्या. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत, आणि झोपण्याआधी वहीत दोन ओळी. पहिलं अजून चालू आहे. त्यातून कळलं ते असं की तिसरी पोळी मला भुकेने नको असायची. हातातला व्हिडिओ संपलेला नसायचा म्हणून ती ताटात यायची. दुसरं दिवाळीच्या फराळात बुडालं ते वर आलंच नाही.

तर तुम्ही स्वतःवर कुठले प्रयोग केलेत? खाण्याचे, झोपेचे, रागाचे, कशाचेही. फरक पडला हे कशावरून ठरवलंत? आणि मुदत संपल्यावर त्यातलं काय उरलं? उपदेश नको, अनुभव हवेत.

कांदेभजी

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करणार, म्हणजे कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची पीठ पेरून भाजी. तेवढा एक नेम मी गेली कित्येक वर्षं अखंड पाळतोय. त्यानंतर दोन दिवसांनी जे काही सोडायचं असतं ते बाकीच्यांनी सोडावं.

तिरकस

@कांदेभजी, शिवाय पंचांगकर्त्यांचं मन मोठं. चातुर्मास आषाढी एकादशीला सुरू होतो आणि गटारी येते आषाढ अमावास्येला. म्हणजे नेम धरल्यावर तीन आठवड्यांच्या आत तो मोडायची अधिकृत सोय.

शंकासुर

धागा चांगला आहे. माझे दोन पैसे.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असं जे जिकडेतिकडे ऐकू येतं त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणात आहे. नाकाची शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तितके दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. त्यातला ‘निदान’ पुढच्यांनी गाळला. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर नीट अभ्यास केला. रोजची एखादी साधी गोष्ट, म्हणजे जेवणाबरोबर फळ खाणं किंवा थोडं पळून येणं, अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसात फरक एवढा की कुणाला १८ तर कुणाला अंदाजाने २५४.

मला चातुर्मासाची लांबी वेगळ्या कारणासाठी आवडते. रक्तातल्या तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. एचबीएवनसी ही साखरेची चाचणी त्या पेशींवर चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आषाढीच्या आठवड्यात रक्त दिलं आणि कार्तिकीच्या आठवड्यात पुन्हा दिलं तर दुसऱ्या वेळी तपासलेल्या जवळजवळ सगळ्या पेशी नेमाच्या काळात जन्मलेल्या. पूर्वजांना हे ठाऊक होतं असं कृपया कुणी म्हणू नका. योगायोग आहे, पण सोयीचा आहे.

अट एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला. साखर सोडली, चालायला लागलात, रात्रीचं जेवण लवकर केलंत, आणि वर मेथीचं पाणीही चालू केलंत, तर नंतर श्रेय मेथीच घेऊन जाते.

फोडणी

शेवटच्या वाक्याला दंडवत. आमच्या सोसायटीत सगळं श्रेय सध्या जवसाच्या चटणीला आहे.

निवृत्तमास्तर

माझा अनुभव मांडतो. सेवानिवृत्तीनंतर वजन वाढलं, तपासणीत एचबीएवनसी ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं डॉक्टरांनी समजावलं. तेव्हा आमच्या भागात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्याख्यानांची लाट होती. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार त्यांनी घरोघरी पोहोचवला: कडक भूक लागते त्या दोनच वेळा ओळखा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मधे काहीही नाही. मी सकाळी दहा आणि संध्याकाळी साडेसहा या वेळा धरल्या, जोडीला पाऊण तास चालणं.

पहिला पंधरवडा कठीण गेला. चारच्या चहाची वेळ झाली की डोकं दुखे, चिडचिड होई. मग बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा घेऊ लागलो आणि ते शमलं. पुढे वजन सहा किलोंनी उतरलं आणि आकडा ५.८ वर आला. तो आजतागायत सहाच्या खाली आहे. चार वाजता कुणाकडे गेल्यावर ‘थोडं तरी घ्या’ हा आग्रह मोडणं मात्र आजही भुकेपेक्षा अवघड जातं.

धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर: फरक पडला हे प्रयोगशाळेच्या कागदावरून ठरवलं. मुदत मी घातलीच नाही, तीच माझी जीवनशैली झाली.

माहेरवाशीण

मास्तर, अभिनंदन. मनापासून. आता माझी बाजू.

आमच्याकडेही ‘हे’ दोन वेळा जेवतात. दहा आणि सहा. मुलगा कॉलेजातून तीनला येतो, त्याला पोळी-भाजी गरम हवी. सासूबाईंना औषधांमुळे सकाळी आठला काहीतरी पोटात लागतं आणि रात्री आठला मऊ भात. मी ऑफिसातून घरी पोहोचते पावणेसातला. तर सहाचं जेवण सकाळीच करून ठेवायचं. त्यातही सॅलड कापून ठेवलं तर पाणी सुटतं म्हणून काकडी-टोमॅटो वेगळे, दाण्याचं कूट वेगळं, मोड आलेली मटकी वाफवून वेगळ्या डब्यात, भाकरी फडक्यात. ओट्यावर सकाळी साडेपाचला मांडलेले डबे मोजायला लागलं तर कँटीन वाटावं.

यांचा साखरेचा आकडा खाली आला आणि सगळ्या नातेवाइकांत कौतुक झालं, ‘काय निग्रह आहे हो!’ निग्रह आहेच, नाही म्हणत नाही. पण त्या निग्रहाला रोज वाफवलेली मटकी लागते. ती आपणहून वाफवली जात नाही.

आजीच्या काळी काय होतं? आजोबांनी चातुर्मासात कांदा-लसूण सोडला की वेगळी कढई आजीची. आणि आजी स्वतः एकभुक्त राही, तो वेळ वाचला म्हणून तिच्या वाट्याला आणखी दोन कामं. या धाग्यावर प्रयोग लिहिणाऱ्या प्रत्येकाने खाली एक ओळ जोडावी अशी माझी सूचना आहे: त्या प्रयोगाचा स्वयंपाक कोण करतं?

सांजवेळ

+१००. धाग्याचं शीर्षकच बदलावं म्हणते.

तिरकस

माझा प्रयोग: तूप सोडणे. स्वयंपाक: आई. कालावधी: आईला कळेपर्यंत.

निवृत्तमास्तर

माहेरवाशीण ताई, प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे आम्ही दोघंच, आणि सौ. आधीपासूनच दोन वेळा जेवणारी. त्यामुळे तिचं काम कमीच झालं असं मी धरून चाललो होतो. आता तिला विचारतो.

फोडणी

मास्तर, विचारायच्या आधी भांडी घासून घ्या. उत्तर जरा सौम्य येईल. (हलके घ्या.)

शंकासुर

दोन वेळांबद्दल एक नोंद, मास्तरांच्या अनुभवाला आव्हान म्हणून नव्हे. चीनमध्ये ग्वांगझू इथे १३९ स्थूल लोकांवर वर्षभर एक प्रयोग झाला, २०२२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. दोन्ही गटांना उष्मांक सारखेच कमी करून दिले. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खायचं, दुसऱ्याने कधीही. वजन दोन्ही गटांत उतरलं आणि त्यांच्यातला फरक नगण्य निघाला. म्हणजे घड्याळाची जादू थोडी आणि कमी खाल्लं जाण्याची जास्त, असं दिसतं. पण घड्याळामुळेच एखाद्याचं खाणं आपसूक कमी होत असेल तर घड्याळ वाईट कसं म्हणणार? मास्तरांची चारची भजी गेली, हे मोठंच काम झालं.

ओपीडी

पेशाने डॉक्टर आहे म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. ज्यांना आधीच मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, किंवा जे इन्सुलिन घेतात, त्यांनी धागा वाचून उद्यापासून जेवणं कमी करू नका. गोळी तीच आणि जेवण गायब, की साखर धोकादायक खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. दर श्रावणात आणि नवरात्रात असे पेशंट येतात. डोस कमी करायचा की बदलायचा हे आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. गरोदर बायकांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी या भानगडीत पडूच नये.

बाकी चर्चा चालू द्या. मी स्वतः चहातली साखर सोडलीय. स्वयंपाक: लागत नाही.

फोडणी

आता उपवासाच्या खाण्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं, तर मी बोलते. एकादशी आणि दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, त्यात शेंगदाण्याचं कूट, वर तूप, बाजूला बटाट्याचा कीस. ‘आज हलकंच घेतलंय हो’ म्हणत माणूस दुपारी असा झोपतो की चारला हलवून उठवावं लागतं.

आणि गंमत बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कसावा, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडांतली. पोर्तुगीज जहाजं इकडे येऊ लागली त्यानंतरची. म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीच्या कितीतरी पिढ्या आधीच्या बाईने एकादशीला काय खाल्लं असेल? वरई, शिंगाडा, कंद, दूध, फळं. माझा गेल्या चातुर्मासातला प्रयोग तोच होता. एकादशीला साबुदाणा-बटाटा-शेंगदाणा बंद. वरईचे तांदूळ, ताक, सुरण, केळं. दुपारी झोप आली नाही. पुण्याचं माहीत नाही, पण ऑफिसची तीनची मीटिंग जागेपणी पार पडली. स्वयंपाक: माझा मीच. घरातल्या इतरांनी खिचडीच खाल्ली आणि ती नवऱ्याने केली, मोकळी झाली होती, हेही नोंदवते.

कांदेभजी

मिरची परदेशी? मग खिचडीत काय घालायचं, मिरी? आमच्या धर्मभावना दुखावल्या.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे श्रावणात नुस्तें, म्हणजे मासे, बंद. तो नेम वगैरे कुणी म्हणत नाही, तसंच असतं. पावसाळ्यात ट्रॉलर तसेही बंद असतात, जून-जुलैत. त्यामुळे बाजारात पूर्वीसारखं ताजं मिळत नाही आणि सोडणं सोपं जातं. मला वाटतं जुने बरेचसे नेम असे बाजार बघून ठरले असावेत. नाही मिळत, तर सोडलंच म्हणा.

माझा प्रयोग नाश्त्याचा. पावाच्या जागी सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड, कधी नाचण्याचं तिजाण. पेज खाल्ल्यावर एकपर्यंत काही लागत नाही. आईच्या घरी हेच होतं. मधली वीस वर्षं आम्ही ओट्स खात बसलो.

टोरांटोकर

इथे आमच्या मंडळातल्या काही जणांनी ‘सूर्यास्तापूर्वी जेवण’ हा नेम घेतला होता. जुलैत सूर्य मावळतो नऊला. साडेआठला आरामात बार्बेक्यू करून नेम पाळत होते. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली आणि सूर्य मावळू लागला पाचच्या सुमाराला, तेव्हा सगळे ऑफिसात. कार्तिकीपर्यंत एकही वीर टिकला नाही. पंचांग कोकणाचं आणि अक्षांश कॅनडाचा, चालायचंच.

तिरकस

नॉर्वेच्या वरच्या टोकाला हलवा त्यांना. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. अखंड जेवा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, महिन्यातून निम्म्या नाइट. ‘सातच्या आत जेवा’, ‘दहाला झोपा’ हे सगळे सल्ले आमच्यासाठी नसतातच, म्हणून या विषयावर कधी लिहीत नाही. पण सांजवेळने ‘कशाचेही’ म्हटलंय तर लिहिते.

नाइटला घात होतो दोन ते चारच्या मधे. वॉर्ड शांत झालेला, औषधं देऊन झालेली, आणि स्टेशनवर कुणाच्या तरी पेशंटने दिलेला पेढ्यांचा बॉक्स उघडा. भूक नसते. जागं राहण्यासाठी हात तिकडे जातो. पेढा, चहा, बिस्किट, पुन्हा चहा. सकाळी घरी जाऊन झोपताना छातीत जळजळ. मी आता डबा दोन भागांत नेते. साडेनऊला नीट जेवण, आणि दोनसाठी ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, एक उकडलेलं अंडं. अंडं सोलायला वेळ लागतो आणि ग्लव्ह्ज काढून हात धुवावे लागतात, तेवढ्यात डोळ्यांवरची झापड जाते. पेढ्यांचा बॉक्स आता बंद करून कपाटात. बंद डबा उघडायला माणूस जरा विचार करतो.

दुसरं, चिंतन म्हणाल तर. आमच्याकडे ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला ‘ओव्हर’ द्यायचा असतो. बेड नंबर, काय झालं, काय राहिलंय, कशावर लक्ष ठेवायचं. एकदा एका वाईट रात्रीनंतर रिक्षात बसल्या बसल्या मी स्वतःचाच ओव्हर फोनवर बोलून रेकॉर्ड केला. काय झालं, माझ्या हातात काय होतं, काय नव्हतं, आता ते कुणाकडे सोपवलं. घर येईपर्यंत संपला. तेव्हापासून करते. नंतर ऐकत नाही, पुसून टाकते. पण घरी गेल्यावर मुलांवर ओरडणं कमी झालं हे मुलांनीच सांगितलं. मोजमाप म्हणाल तर तेवढंच आहे.

डबा मीच भरते. अंडी नवरा उकडतो.

सांजवेळ

रात्रपाळी, यासाठीच धागा काढला होता. ‘काय झालं, माझ्या हातात काय होतं, आता ते कुणाकडे सोपवलं’ हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतेय.

ओळदोनओळी

रोजनिशीवर बोलायचं होतं, बरं झालं विषय निघाला. सांजवेळची वही का बुडाली याचा माझा अंदाज असा: ‘दोन ओळी लिहा’ म्हटलं की माणूस एकतर हवामान लिहितो नाहीतर तक्रार. महिन्याने मागे वळून वाचलं की आपलाच कंटाळा येतो.

मी एकच प्रश्न ठेवला. आज कुणावर चिडलो, किती वाजता, आणि त्याआधी शेवटचं काय खाल्लं होतं? बस. कारण नाही, वाद नाही, कोण बरोबर हेही नाही. काही आठवड्यांनी पानं चाळली तर माझा राग बराचसा साडेबारा ते दीडच्या मधला निघाला. सकाळी आठला चहा आणि दोन खारी, त्यावर थेट दीडचं जेवण. ज्या सहकाऱ्याला मी मनातल्या मनात खडूस ठरवला होता त्याच्याशी माझ्या सगळ्या बैठका साडेबाराच्या होत्या. सकाळी पोहे-दाणे किंवा धिरडं खाऊन निघायला लागलो. माणूस तसा बराच आहे म्हणायचा.

धिरडं मीच घालतो. पीठ रात्री भिजवून ठेवावं लागतं, एवढीच तयारी.

शंकासुर

हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मोजता येतं तेच मोजलंय आणि फक्त एकच गोष्ट बदललीय.

लिहिण्याबद्दल जोड देतो. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाने किरकोळ विषयांवर लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लगेच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत परिणाम संमिश्र आणि लहान आहेत. म्हणजे रोज आयुष्यभर लिहिलंच पाहिजे असं नाही; टोचणाऱ्या गोष्टीवर चार दिवस बसून लिहिलं तरी चालावं.

निःशब्द

मी इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आहे. पहाटे चारला घंटा, दिवसभर बैठका, मौन, फोन जमा, वाचायला-लिहायलाही मनाई. दुपारच्या अकराच्या जेवणानंतर नव्या साधकांना संध्याकाळी पाचला फळ आणि चहा, बस. जेवणाबद्दल सांगते. तिसऱ्या दिवशी मला साध्या वरणातली हिंगाची चव लागली. घरात तोच हिंग असतो. बोलायला कुणी नाही, बघायला काही नाही, तर जिभेला काम मिळतं.

पुढचंही सांगायला हवं. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं असतं, ते मला जमलं नाही. जुळी मुलं आहेत. टिकलं ते एवढंच, की दिवसातलं एक जेवण मी न बोलता जेवते. ऑफिसात. लोकांना वाटलं भांडण झालंय, आता सवय झाली.

माहेरवाशीण

निःशब्द, घरात न बोलता जेवायचं म्हटलं तर ‘भाजीत मीठ कमी झालंय का’ हे कुणी कुणाला विचारायचं?

चष्मिष्ट

अवांतर आहे पण विचारतो. यंदा रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी धरायची ठरवलंय, आणि वरच्या प्रतिसादांची धास्ती घेऊन स्वतः करायची ठरवलंय. थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना दोन तुकडे होतात. पुण्यात एकटा राहतो. पीठ सुपरमार्केटचं आहे.

पिठलंभाकर

तुझ्या हातात दोष नाही, पिठात आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग ते चिकट राहत नाही. पाकिटावर दळल्याची तारीख बघ, महिन्याच्या वरचं असेल तर थालीपिठाला वापर. ज्वारी आणून गिरणीतून आठवडा-दहा दिवसांपुरतीच दळून घे. मी सोलापूरकडची, आमच्याकडे मालदांडी सोडून दुसरी चालत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. रब्बीची घे. खरिपाची पावसात सापडली तर काळी पडते आणि भाकरीला गोडी नसते.

आता कृती. पाणी कढत कर, अगदी उकळी नको. परातीत एका भाकरीपुरतंच पीठ घे, मधे खळगा करून पाणी ओत, आधी चमच्याने हलव, मग हाताला सोसेल तसं तळव्याने रगड. रगडणं महत्त्वाचं, तिथेच नवीन लोक कंटाळतात. गोळा गुळगुळीत होऊन त्यावर चीर दिसेनाशी झाली पाहिजे. खाली कोरडं पीठ भुरभुरून थाप. उचलताना दोन्ही तळव्यांवर घे, बोटांनी ओढू नकोस. तव्यावर पिठाची बाजू वर येऊ दे आणि तिला लगेच पाण्याचा हात फिरव. पाणी सुकत आलं, पूर्ण सुकायच्या आधी, की उलट. मग विस्तवावर. फुगली नाही तरी खाता येते, लाजू नकोस.

चष्मिष्ट

वाखुसा (वाचनखूण साठवली). दंडवत स्वीकारा, ताई.

शंकासुर

भाकरीप्रेमींनी रागावू नये. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झाल्यापासून ‘भाकरी कितीही खा’ असा एक समज पसरला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तृणधान्यं आणि भरडधान्यं एकत्रच धरतात: दिवसाच्या उष्मांकांत दोन्ही मिळून ४५ टक्क्यांच्या वर नकोत. पोळीच्या जागी भाकरी आली तर चोथा वाढेल, पण ताटात डाळ-उसळ, भाजी वाढली नाही तर अर्धंच काम झालं. त्याच सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असंही आहे, कारण त्यातले टॅनिन लोह शोषू देत नाहीत. जेवल्या जेवल्या चहा मागणाऱ्या तमाम काकांनी नोंद घ्यावी.

पिठलंभाकर

भाकरीबरोबर पिठलं असतं, पिठलं डाळीचं असतं. आमचं ताट आधीच तुमच्या सूचनांप्रमाणे आहे.

शंकासुर

हरलो.

निवृत्तमास्तर

सौ.ला विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं देतो. ‘काम कमी झालं नाही, वेळ बदलली. पूर्वी संध्याकाळी साडेसहाला मी देवळात जायचे, मैत्रिणी भेटायच्या. आता साडेसहाला तुमचं ताट असतं.’ तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि मला दिसलं नव्हतं. संध्याकाळचं माझं ताट यापुढे मी करणार. सध्या येतं ते मुगाचं धिरडं, कोशिंबीर आणि ताक. सौ. सहाला बाहेर पडते.

माहेरवाशीण

मास्तर, तुमच्या सौ.ना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. मटकी भिजवणं, उपसणं, मोड आणणं आणि वाफवणं हे खातं रविवारपासून ‘ह्यां’च्याकडे. पहिल्या दिवशी फडकं ओलं ठेवायचं राहिलं आणि अर्ध्या मटकीला मोडच आले नाहीत. मी काहीही बोलले नाही. हाच माझा चातुर्मासातला मौनाचा नेम समजा.

तिरकस

ताई, चातुर्मास अजून लागला नाहीये.

माहेरवाशीण

सराव.

ओपीडी

मूळ प्रश्नातला एक भाग राहिलाच, मुदत संपल्यावर काय? पेशंटमध्ये मला एक दिसतं. नेम संपल्याचा आनंद सोडलेल्या पदार्थावरच साजरा होतो. चार महिने गोड नाही, मग तुळशीच्या लग्नापासून सगळ्या लग्नसराईत रोज गोड. जुन्या पद्धतीत निदान वांग्यासाठी चंपाषष्ठीपर्यंत थांबणारी घरं होती, मार्गशीर्षात, आणि त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावर वांगं परत ताटात. म्हणजे परत सुरू करायचाही एक ठरलेला दिवस, एक ठरलेला पदार्थ. मी पेशंटना हेच सांगतो: कार्तिकीनंतर काय परत आणायचं आणि आठवड्यातून किती वेळा, हे आत्ताच लिहून ठेवा. तेव्हा ठरवायला बसलात तर जिलबी ठरवेल.

सांजवेळ

एवढं वाचून माझं ठरलं. यंदा एकच: रात्रीचा ओव्हर, बोलून, पुसून. वही नाही. मोजायचं कशावर तर रात्री अंथरुणावर पडल्यावर झोप यायला लागणाऱ्या वेळावर, तो नवरा सांगेल, कारण तोपर्यंत मी त्याला झोपू देत नाही. आणि कार्तिकीनंतर तो रोज न करता फक्त वाईट दिवशी करायचा, हे ओपीडींच्या सांगण्यावरून आत्ताच लिहून ठेवतेय.

अधिक मास मधे नाही ना कुठे? २०२३ ला अधिक श्रावण आला आणि माझा चार महिन्यांचा साखरत्याग पाच महिन्यांचा झाला होता.

कांदेभजी

पंचांग बघून नेम धरणारी मंडळी तुम्ही. कांदेनवमी एकाच दिवसाची असते, अधिक महिना येवो नाहीतर न येवो.

चष्मिष्ट

ज्वारी आणली, मालदांडी. खाली गिरणीवाला म्हणतो सकाळी बाजरी असते, संध्याकाळी गहू. कधी टाकू?

पिठलंभाकर

गव्हावर टाकू नकोस, भाकरीला गव्हाची कणी लागते. बाजरीवरही नको, पीठ काळपट होतं. तांदूळ दळायचा कधी असतो ते विचार, त्याच्या पाठोपाठ तुझी ज्वारी घालायला सांग. आणि डबा उघडाच घेऊन ये, गरम पिठावर झाकण लावलंस तर घाम सुटून त्याच्या गुठळ्या होतील.